पखवाजावरची राख

बुवा,

परवा खालापूरजवळच्या एका रिसॉर्टवर तुमचा पखवाज पाहिला. उभा करून ठेवलेला, धुमेची, डाव्या हाताची बाजू वर, आणि तिच्यावर ॲशट्रे. कोणा शहाण्याला तोही दिसला नसावा, कारण सिगरेट सरळ कातड्यावरच विझवलेली होती. शी! ज्या धुमेला हात लावण्याआधी तुम्ही मला मोरीवर पिटाळायचात, तिला जळकं भोक! आजूबाजूला सगळी ‘गावरान थीम’. वेटरांच्या डोक्याला तयार फेटे, दारात गुलाबी रंगवलेली बैलगाडी, आणि जेवायला पिझ्झा.

मी तिथं वाजवायला गेले होते. काय वाजवते, ते तुम्हाला कसं सांगू? ड्रम अँड बेस म्हणतात त्याला. सगळं कॉम्प्युटरवर बनतं. वर ड्रम पळतात, मिनिटाला पावणेदोनशेच्या आसपास ठोके, आणि खाली बेस मात्र निम्म्या चालीनं, सावकाश. कॉलेजात मैत्रिणीनं हेडफोनवर पहिल्यांदा ऐकवलं आणि वर म्हणाली, “परदेशातलं आहे, तुला नाही कळायचं.” मी म्हटलं, अगं, हे तर आमच्या दहिवलीच्या देवळातलं! भजन चढलं की तुमचा उजवा हात असाच पळायचा आणि डावा मधूनच एकदा धुमेवर पडायचा, घुम्म. माणसं त्या डाव्या हाताची वाट बघत डोलायची. म्हणून मी आजही आधी बेस बसवते. लोक उलटं करतात आणि मग डोकं धरून बसतात.

तुमचं स्वयंपाकघर अजून डोळ्यांसमोर आहे. काकू पोळ्यांची कणीक मळताहेत आणि तुम्ही दारात उभे. “एक गोळा दे गं.” “घ्या, पोरांच्या तोंडचं काढा नि त्या लाकडाला चारा,” काकू म्हणतात, आणि बाजूला काढून ठेवलेला मऊ गोळा तुमच्या हातावर ठेवतात. आवाज खोल यावा म्हणून पाण्याचा हात लावून तुम्ही तो धुमेवर थापता, जराशी कणीक, मग एक थाप, मग पुन्हा जराशी. एकदा तुम्ही कोणाशी तरी बोलायला अंगणात गेलात आणि मी आवाज मोठा यावा म्हणून अख्खा गोळा थापून मोकळी झाले. धूम मुकीच झाली. तुम्ही आलात, एकदा हात टाकलात आणि दुधात माशी निघाल्यासारखं तोंड केलंत. “शी! हे काय लिंपलंस? चूल हाय का ती?” सगळी कणीक माझ्याकडूनच खरवडून घेतलीत. मी मुसमुसत होते, तेव्हा जरा नरम आवाजात म्हणालात, “सगळंच भरशील तं ऐकणारा बसंल कुठं गं?”

त्याच एका वाक्यावर माझा धंदा चाललाय, बुवा. माझ्या पखवाजाला कणीक लावून मी घुम्म रेकॉर्ड करते, कापते, ताणते, आणि मग दिवसभर तिच्या भोवतालचे बाकीचे आवाज काढून टाकत बसते. बाकीचे सायरन घालतात, भोंगे घालतात, वर किंचाळ्या. ऐकलं की कोणी कानात चूळ टाकल्यासारखं वाटतं. आणि त्यांनाच लोक डोक्यावर घेतात!

रिसॉर्टचा मॅनेजर माझ्या मागे मागे. “मॅडम, मध्ये मोकळं ठेवू नका हं. पब्लिकची छाती हलली पाहिजे.” मी ॲशट्रे उचलून त्याच्या हातात दिला. “हा पखवाज माझ्या गाडीत जाईपर्यंत एक ठोका वाजणार नाही.”

“मॅडम, तो डेकोर आहे.”

“डेकोर असेल तुमच्या घरी. हा माझ्या गुरूंचा आहे. हा ओरखडा दिसतो? माझ्याच बांगडीचा.”

बाहेर शिट्ट्या सुरू झाल्या होत्या. “न्या हो, न्या, पण सुरू करा,” असं म्हणत तो पळाला. मी पखवाज उचलून गाडीकडे निघाले, तर कडावचा एक म्हातारा वेटर दार उघडायला धावला. “बरं केलंत ताई. त्याच्यावरची राख पुसताना आमालाच लाज वाटायची.”

मग वाजवलं. मधेच ड्रम काढून टाकले आणि नुसती धूम ठेवली, लांब लांब. “बेस टाक, बेस!” कोणीतरी ओरडलं. अरे बाबा, मग हे काय आहे! अर्धी पब्लिक बारकडे गेली. गेली तर गेली. तुम्ही असतात तर त्यांच्या नावानं थुंकला असतात.

हे पत्र टाकायला काही पत्ता नाही, तेव्हा इथंच पडून राहील. पण वर पहिल्या ओळीपासून ‘तुमचा पखवाज’ म्हणत आले, ते खोटं आहे. तुमचा खैराचा होता, उचलताना माझे दोन्ही हात भरून यायचे. हा शोभेचा, एका हातात आला. तिथंच कळलं. ओरखड्याचंही मी ठोकूनच दिलं. तरी आणला, घरी कोपऱ्यात आडवा ठेवलाय. तुमच्यामागे तुमच्या मुलानं तुमचा कोणाला दिला, हे त्याच्या घरी जाऊन विचारायची माझी अजून छाती झालेली नाही. विचारलं आणि त्यानं एखाद्या रिसॉर्टचंच नाव घेतलं तर?