ओल्या फरशीवरची पावलं

४ जानेवारी २०२५
वॉकर आला! दिपेश घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून घेऊन आला. "बाबा, डॉक्टरांनी सांगितलंय, सवय करा." चिरंजीव! चार पाय आहेत त्या वस्तूला. आणि मी दर जानेवारीत डोंबिवलीच्या व्याख्यानमालेत गर्जतो — आधी माणूस उभा राहिला, मेंदू लाखो वर्षांनी मोठा झाला! हात मोकळे झाले म्हणून माणूस झाला! तो मी दोन्ही हातांनी सळ्या धरून मंचावर जाऊ? खुब्याचं हाड मोडलंय, कणा नाही.

५ जानेवारी
बायकोच्या — कलावतीच्या — खांद्यावर हात ठेवून गेटपर्यंत गेलो. एक हात मोकळा! "मग त्या मोकळ्या हातात भाजीची पिशवी तरी धरा," ती म्हणाली.

९ जानेवारी
रोज तसंच चालतो. वॉकरवर टॉवेल वाळतोय.
व्याख्यानाची टिपणं काढली. आफ्रिकेतली ती पावलं — छत्तीस लाख वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या ओल्या राखेत उमटलेली. एकाच्या पावलात दुसऱ्याने पाय टाकलेला. हे वाचलं की आई दिसते. कोपरीचं आमचं मिठागर. वाफा पायांनी तुडवून गुळगुळीत केला की त्यावर जास्तीचं पाऊल उमटू द्यायचं नाही. आई पुढे, मी मागे. "माजे पावलान पाय टाक रं! वाफा खराब करशील!" तिच्या एका पावलात माझे दोन्ही पाय मावायचे. चिखल कोमट असायचा. टाचेच्या भेगांत मीठ चुरचुरायचं, तरी ती हसायची... आता तिथे टॉवर.

१३ जानेवारी
कलावतीने फरशी पुसली. "वाळेपर्यंत उठू नका हं!" आणि स्वतःच ओल्यावरून स्वयंपाकघरात गेली. पावलं उमटली. मी सोफ्यावर. गंमत म्हणून वाचायला लागलो.
उजवं पूर्ण. डावं — टाचच नाही, नुसता चवडा. पुन्हा उजवं पूर्ण. पुन्हा चवडा.
हाक मारून डाव्या पायाचं विचारलं.
"गुडघा हो. तुमचा भार त्याच बाजूला येतो ना. होईल बरा. चहा टाकू?"
फरशी वाळली.

१४ जानेवारी
वॉकरवरचा टॉवेल काढला.

१८ जानेवारी
व्याख्यान झालं. दोन्ही हात सळ्यांवर.
कलावती पहिल्या रांगेत. बसलेली.