पाचचा भोंगा आणि चौदावं नाव

६ जानेवारी १९६९, सोमवार

फर्स्ट शिफ्ट. कंपनीने दिलेली डायरी पाच दिवस कोरीच गेली. आज मात्र लिहायलाच पाहिजे.

दुपारी जी.एम.साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, टूलरूममधलं भांडण वर गेलं. फोरमनला परवा जरा जास्तच बोललो होतो. तर साहेबांच्या हातात जर्मनीचं पत्र! तिकडची आपली मूळ कंपनी दर दोन वर्षांनी स्वतःच्या कारखान्यांची फुटबॉल स्पर्धा भरवते. जर्मनी, इटली, ऑस्ट्रिया, बेल्जियम, सगळे येतात. यंदा पिंपरीलाही विचारलंय. मे महिन्यात.

साहेब हसत म्हणाले, "दत्तोबा, ती संध्याकाळी मैदानात पळत असते ती तुझीच टीम ना? आधी इथला कारखान्यांचा कप जिंकून दाखव. मग पाठवतो."

ते हसणं झोंबलं. आम्ही कपात पहिल्या फेरीच्या पुढे कधी गेलो नाही, हे त्यांना पक्कं माहीत. मी पण विचारलं, "शब्द?" म्हणाले, "शब्द."

वय छत्तीस. गुडघा कोल्हापुरातच गेला, पेठेच्या टीमकडून खेळताना. पण एकदा तरी परक्या देशाच्या टीमसमोर उतरायचं, हे वेड काही गेलं नाही. घरी शालनला सांगितलं. "अहो, आधी भोसरीवाल्यांना तरी हरवा." बायको आहे का फोरमन, कळत नाही.

९ जानेवारी

टीम डोळ्यासमोर घेऊन बसलो. पुढे बबन. फाउंड्रीतला, महाळुंग्याचा गडी. एवढ्या लांबून सायकलवर येतो, दिवसभर ओतकाम करतो आणि वर अनवाणी खेळतो. त्याच्या पायातला बॉल काढून दाखवा, टूलरूम सोडून देईन. मागे डावीकडे नाना, पेंट शॉपचा. खांबासारखा उभा राहतो, हलत नाही, पण पुढच्यालाही हलू देत नाही.

गोली? बोंब. स्टोअर्समधला कुलकर्णी गोलात उभा असतो. बॉल आला की डोळे मिटतो. खिडकीवर माल मागायला गेलं तरी तेच करतो.

१९ जानेवारी, रविवार

सापडला!

पिंपरी स्टेशनजवळच्या गॅरेजपाशी शेजाऱ्याच्या सायकलीत हवा भरत होतो. आत एकाने माळ्यावरून हाक दिली आणि पाना खाली टाकला. ट्रकखाली उताणा पडलेल्या माणसाने नुसता हात बाहेर काढला आणि झेलला. बघितलं पण नाही. मी पंप तिथंच टाकला.

इस्माईल नाव. इथलाच, पिंपरीचा. हाताचे पंजे केवढे! विचारलं, फुटबॉल खेळतोस का. "शाळेत गोलात उभा करायचे मला, भाई. आता टाइम कुठाय?" मी म्हणालो, कंपनीत येतोस का, मेंटेनन्सला फिटर घेणार आहेत. कपाचा नियम आहे, मस्टरवर नाव असेल तोच खेळणार. तो हसला. "म्हणजे नोकरी गोलीची, पगार फिटरचा?"

च्यायला, हुशार आहे.

२८ जानेवारी

इस्माईलची ट्रेड टेस्ट. आठ दिवस जेवणाच्या सुट्टीत गॅरेजवर जाऊन मी त्याला ड्रॉइंग वाचायला शिकवलं. ड्रॉइंग समोर आलं की घामच फुटायचा त्याला. आज मेंटेनन्सच्या फोरमनने मुद्दाम बिघडलेला पंप समोर ठेवला आणि ड्रॉइंगही दिलं. पठ्ठ्याने ड्रॉइंग बाजूला सारलं, पंप चालू करायला लावला, त्यावर हात ठेवला. "मागचं बेअरिंग." खोलून बघितलं. मागचं बेअरिंग.

पास! सोमवारी रुजू होतो. फोरमनला फिटर मिळाला आणि मला गोली. कुणाचा जास्त फायदा झाला ते कपात कळेल.

१५ फेब्रुवारी, शनिवार

लिहायची लाज वाटते.

पुण्याच्या कॅम्पातल्या एका क्लबाला आपल्या मैदानावर बोलावलं होतं, सरावाची मॅच. चारला सुरू. पोरं काय खेळली! पाच वाजायला आले तरी ०-०, आणि आम्ही त्यांच्याच गोलासमोर. बबनच्या पायात बॉल. समोर फक्त गोली.

आणि पाचचा भोंगा झाला.

बबनने बॉल सोडला आणि शर्ट घ्यायला चालायला लागला. नाना चालायला लागला. इस्माईलला कंपनीत येऊन बारा दिवस झाले, त्यानेसुद्धा हातमोजे काढले. अकराच्या अकरा! पाचला भोंगा, पाच-दहाला कंपनीची बस. बस चुकली तर चिंचवडपर्यंत पायपीट. फर्स्ट शिफ्ट सुटल्यावरचा रोजचा सराव या भोंग्यालाच थांबतो ना आमचा. पाय आपोआप वळले. पुणेवाले आधी गोंधळले, मग त्यांनी गोल मारला. मधून बॉल पुन्हा सुरू केला, पण आम्ही भानावर येईपर्यंत त्यांनी दुसरा पण मारला.

रेफरी मला विचारतो, "काय झालं हो, आग लागली का कुठं?" काय सांगणार. मी स्वतः पिशवी काखेत मारून गेटाकडे निघालो होतो.

०-२. जर्मनीला निघालेत म्हणे. आधी बसमधून उतरा लेको.

१७ फेब्रुवारी

आजपासून नवा कायदा. भोंगा झाला की थांबायचं नाही, उलट दुप्पट पळायचं. पुढची वीस मिनिटं. बस गेली तर गेली.

पोरांनी तोंडं वाकडी केली. नाना म्हणाला, "घरी काय सांगू?" म्हटलं, सांग की दत्तूभाऊ मेला नाही अजून. बबन आपला खुशीत. "आमाला काय, आमची सायकल हाय."

पहिल्या दिवशी भोंगा झाला आणि चारजण तरीही थबकले. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. बबन सोडून सगळे चालत चिंचवडला आलो. माझ्या गुडघ्याने वाटेत दोनदा रामराम घातला. इस्माईलचं घर पिंपरीतच, तरी माझी पिशवी घेऊन चिंचवडपर्यंत आला. गुडघ्याचं विचारलं असतं तर मी चिडलोच असतो.

२६ फेब्रुवारी

जर्मनीहून नियमांचा कागद आला. बूट सक्तीचे. बबनच्या तोंडचं पाणी पळालं. "दत्तूभाऊ, बुटात पाय घातला की बॉल कुटं हाय तेच कळत न्हाई."

बुटाच्या तळाला लावायची बटणं टूलरूममध्येच केली. फायबरचा रॉड, लेथवर, जेवणाच्या सुट्टीत. सगळी अगदी एका मापाची. फोरमन बघत होता. म्हटलं, आता बोलणार. त्याने हातात घेतलं, मायक्रोमीटर लावला, म्हणाला, "एक जरा जाड आहे," आणि गेला. म्हाताऱ्याला माणूस म्हणायला हरकत नाही.

बबनला सांगितलं, इथला कप अनवाणी खेळ. पण उद्यापासून रानात, गोठ्यात, सगळीकडे बूट घालून फिर. म्हणतो, "म्हस दूध द्यायची न्हाई माझी."

८ मार्च

पहिली फेरी ३-०. आज दुसरी ४-१. बबनचे दोन्ही मिळून पाच. इस्माईलने एक गोल खाल्ला आणि तो मला अर्धा तास समजावत होता की चूक त्याची नव्हती. चूक त्याचीच होती.

कँटीनमध्ये लोक ओळख दाखवायला लागलेत. वाढपी मला रस्सा जास्त वाढतो.

१५ मार्च

सेमी जिंकली! १-०. शेवटची दहा मिनिटं बघवत नव्हतं, मी मैदानाकडे पाठ करून उभा होतो. नानाने एकट्याने थोपवून धरलं.

फायनल शनिवारी, भोसरीवाल्यांशी, त्यांच्याच कंपनीच्या मैदानावर. तीन वर्षं कप त्यांच्याकडे आहे. वेळ चारची. एक गोष्ट डोक्यात आली आहे, ती कुणाला सांगत नाही. शालनलाही नाही. तिने विचारलंच, "हसताय का एकटेच?"

२२ मार्च, शनिवार

जिंकलो. जिंकलो! जिंकलो!!

आता पहिल्यापासून नीट लिहितो. दोन बस भरून माणसं आली होती आपल्या कंपनीची. फर्स्ट शिफ्टवाले डबे घेऊन तसेच आले. पहिल्या हाफमध्ये भोसरीने एक मारला. इस्माईलचा दोष नाही, कोपऱ्यात गेला. हाफटाइमला मुलं मान खाली घालून बसली. मी एवढंच म्हणालो, "पाच वाजायला पंधरा मिनिटं आहेत. भोंगा यांचा आहे. बस पण यांचीच आहे."

बबनने माझ्याकडे बघितलं. हळूच हसला. बाकीच्यांना मागाहून कळलं.

दुसरा हाफ. कधी जागा न सोडणारा नाना डावीकडून बॉल घेऊन पुढे आला, आणि भोंगा झाला. भोसरीचा आणि तिकडून शेजारच्या कारखान्याचा, दोन्ही एकदम. त्यांचे बॅक थबकले! अगदी क्षणभर, पण थबकले. एकाने तर गेटाकडे बघितलं. आमची पोरं मात्र बंदुकीतून सुटावीत तशी सुटली. महिनाभर चिंचवडची पायपीट केली होती, ती आज फळली. नानाने बॉल दिला, बबनने अनवाणी पायाने हाणला. १-१.

नंतर ते असे चवताळले की बस. पण आमच्यात वारं शिरलं होतं. कॉर्नरवरून बबनने डोक्याने दुसरा घातला, तो कुठल्या भोंग्याच्या मेहेरबानीने नाही, हे इथं लिहून ठेवतो.

आणि मग शेवटी शेवटी पेनल्टी. आमच्याविरुद्ध. मी खालीच बसलो. इस्माईल गोलात उभा, दोन्ही हात पँटला पुसतोय. मारणारा धावला, इस्माईल उजवीकडे झेपावला, आणि बॉल त्या भल्यामोठ्या पंजात! त्याला खांद्यावर घेतला तेव्हा विचारलं, कळलं कसं रे? "गाडी वळायच्या आधी चाक वळतं, दत्तूभाई. त्याचा पाय आधीच वळला होता."

मी रडलो. छत्तीस वर्षांचा घोडा, सगळ्यांसमोर रडलो. लाज नाही वाटली.

त्यांच्या कॅप्टनने हात मिळवला. "राव, आमच्याच भोंग्याने मारलं आम्हाला." मी त्याचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला. मग कुणीतरी तोंडात पेढा कोंबला.

शालनने दारातच ओवाळलं. नाक ओढत होती.

२४ मार्च

गेटवर हलगी! हवालदाराने मला सलाम ठोकला, जो रोज डबा उघडून तपासतो. जी.एम.साहेब स्वतः टूलरूममध्ये आले. "दत्तोबा, शब्द म्हणजे शब्द. चौदा नावं द्या." 'तू'चं 'तुम्ही' झालं, हे फोरमननेही ऐकलं.

१२ एप्रिल

आज यादी पर्सोनेल खात्यात दिली. तेरा नावं लिहिली, चौदावं कोरं ठेवलं. तिथं टाकायला धडधाकट पोरं आहेत. असेंब्लीतला एक फॉरवर्ड चांगला पळतो. मी काय, जिना उतरताना कठडा धरतो. टीम बांधली ती मी, पण खेळणाऱ्याच्या जागेवर बसून जायचं म्हणजे चोरीच. दिवसभर लेथवर उभा राहून हाच विचार. शेवटी ठरवलं, सोमवारी त्या पोराचं नाव घालायचं. डोळ्यांत लोखंडाचा कीस गेला असं सांगून लवकर घरी आलो.

१४ एप्रिल

नोटीस बोर्डावर टाइप केलेली यादी लागली. चौदावं नाव माझं.

पर्सोनेलला जाऊन भांडलो. क्लार्क म्हणतो, "तुमचीच माणसं येऊन सांगून गेली. तो असेंब्लीवाला पण होता त्यांच्यात." मैदानावर गेलो आणि सगळ्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. बबन शांतपणे बुटाच्या नाड्या बांधत होता. "झालं बोलून? व्हय, आमीच घातलं. तुमी न्हाई तर आमी बी न्हाई."

इस्माईल म्हणाला, "दत्तूभाई, ड्रॉइंग कुणी शिकवलं मला?"

मी पिशवी खाली ठेवली. भोंगा झाला. दुप्पट पळालो सगळे. मी पण.

१८ मे, रविवार

चिंचवड स्टेशन. एवढी माणसं कुणाच्या लग्नालाही आली नसतील. हार, हलगी, गुलाल. महाळुंग्याहून बबनचं अख्खं गाव बैलगाड्या जोडून आलं होतं. त्याची आई मला म्हणाली, "पोराला थंडीत न्हेऊ नका उघड्या पायानं." बबन बूट घालूनच उभा होता. शालनने गुडघ्याला बांधायचा पट्टा शिवून दिलाय, दुपदरी. "बसून राहायचं असेल तर काढून ठेवा," म्हणाली. "उतरायचं असेल तर घट्ट बांधा." बाई माझ्याही पुढे गेली.

२४ मे, शनिवार. जर्मनी

हाफटाइम. ड्रेसिंग रूममध्ये बसून लिहितोय. पहिलीच मॅच यजमानांशी, गेल्या वेळी कप यांनीच नेला. माणसं एकेक दरवाजाएवढी. आणि ०-०! इस्माईलने काय काय अडवलं ते मोजलंच नाही. बघायला आलेले त्यांचेच कामगार त्याच्यासाठी टाळ्या वाजवतायत. बबनचा एक फटका खांबाला लागून गेला. बूट घालून!

इथं भोंगा नाही. दुभाष्याला विचारलं तर म्हणाला, घड्याळ बघून जातात. बबनला पटलं नाही. "मग बस कशी कळती?" सगळी खोली हसली. नाना सोडून. त्याचा घोटा टम्म सुजलाय, बूट निघेना. बदली तिघं. कुलकर्णी गोली, दुसऱ्याला मागे खेळायची सवय नाही, तिसरा मी.

सगळे नुसते माझ्याकडे बघतायत. नानाने त्याच्या अंगातला डाव्या बॅकचा शर्ट काढून माझ्या मांडीवर ठेवला. घामाने ओला आहे.

पट्टा बांधला. दोन्ही पदर. इस्माईल दारात हात पुढे करून उभा आहे, मला उठवायला. बबन म्हणतो, "नाड्या घट्ट बांधा दत्तूभाऊ, माझ्या सारख्या सुटत्यात."

बांधल्या. शिट्टी झाली.