तीस अधिक एकशेवीस

३ फेब्रुवारी, सकाळी ९.१०
ट्रायलचे बारा दिवस उरले. गॅसमिक्सिंगवर मला परमनंट करायचं की नाही, ते धवलशेठ पंधराला सांगणार. आईने चाळीत आधीच सांगून टाकलंय. संकल्प: एकही चूक नाही. घाटकोपरच्या या गाळ्यात आंशिक दाब समजणारा मी एकटाच. बारावीत केमिस्ट्री राहिली, पण तो नियम पाठ आहे: मिश्रणात प्रत्येक वायू आपापला दाब देतो, सगळ्यांची बेरीज म्हणजे एकूण दाब.

४ फेब्रुवारी
भयंकर शोध. वेल्डिंग गॅसच्या बाटल्यासाठी, म्हणजे सिलिंडरसाठी, इथे गॅस भरणाऱ्या शिवदासकाकांनी फळ्यावर लिहिलंय: 'आधी कार्बन ३०, मग अरगोन १५०.' (कार्बन म्हणजे त्यांच्या भाषेत कार्बन डायऑक्साइड.) बेरीज एकशेऐंशी! बाटला भरायचा एकूण दीडशे दाबापर्यंत. वीस वर्षं हा माणूस जिवंत कसा? ते जेवायला गेल्यावर दुरुस्ती केली: 'आर्गॉन १२०'. शुद्धलेखनही सुधारलं.

५ फेब्रुवारी
काका सावंतवाडीला, भाचीच्या लग्नाला. नऊ बाटले एकट्याने भरले. कार्बन सोडला, दाबाचा काटा तीसवर. आर्गॉन सोडला, काटा एकशेवीसवर. झकास! सगळे चेंबूरला, नानांच्या ग्रिलच्या कारखान्यात रवाना.

९ फेब्रुवारी
नानांचा फोन. वेल्डिंग नुसतं थुंकतंय म्हणे, गॅस काय गटारातून भरलास? मी शांतपणे म्हटलं, वेल्डर बदला. त्यांनी फोन आपटला. अडाणी गिऱ्हाईक.

११ फेब्रुवारी, दुपारी
बाटले परत. काका परत. काटा एकशेवीसवर कसा, विचारलं. मी नियम सोप्या भाषेत समजावला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतला. मग म्हणाले, मेल्या, आर्गॉन भरताना आतले तीस खंय पळतत? काटो दोघांचो मिळान दाखयता!
म्हणजे आर्गॉन नव्वदच गेला. म्हणजे फळ्यावरचं दीडशे काट्याचं होतं, आणि बरोबर होतं.

११ फेब्रुवारी, संध्याकाळी
चार पानी खुलासा लिहिला. तोवर काकांनी न उघडलेल्या सात बाटल्यांत काटा दीडशेवर येईपर्यंत आर्गॉन सोडला. झालं काम. खुलासा कोणी मागितला नाही.

१५ फेब्रुवारी
परमनंट! टेम्पोवर. धवलशेठ म्हणाले, तू भरू नको रे बाबा, फक्त उचल. म्हणजे फील्डवर्क. आईला तसंच सांगितलं.

१६ फेब्रुवारी
पहिली डिलिव्हरी, नानांकडे. बाटला उतरवताना त्यांनी विचारलं, मागच्या वेळी भरणारं ते येडं कोण होतं रे?
आवाज जाड करून सांगितलं, काढून टाकला त्याला.
नाना म्हणाले, बरं झालं.