जनरलसाहेबांच्या शेवटच्या हुकुमाबाबत

मी, घोडदळाच्या दिवंगत जनरलसाहेबांची पत्नी, वय वर्षे एकोणऐंशी, सगळं गाव जिला जनरलीणबाई म्हणतं ती, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने किंवा आग्रहाने नव्हे तर स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते. डॉक्टरांनी नाडी, डोळे, जीभ सगळं तपासून 'डोकं आमच्यापेक्षा शाबूत आहे' असा निर्वाळा दिला आहे. याआधीची सगळी मृत्युपत्रं रद्द समजावीत, थोरल्या मुलाने कपाटात कुलूप लावून ठेवलेलं धरून. समोर माझी भाची बसली आहे, ती वकील आहे, आणि 'मामी, एका जागी बसा हो' म्हणून माझा जीव खाते आहे. मला बसवत नाही. चौकात साहेबांच्या पुतळ्याच्या चौथऱ्यावर सकाळपासून हातोडे पडताहेत, आणि उद्या अनावरण आहे.

कलम १. राहतं घर थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी यांना समसमान. जिन्यावर नालांचे खड्डे आहेत ते बुजवू नयेत. पैजेखातर साहेब वरच्या मजल्यावर पाहुणे जेवत असताना घोड्यावर बसून वर आले होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घोडं जिना चढतं पण उतरायला मागत नाही, हे घोडदळाच्या माणसाला मी सांगायचं! दोन दिवस घोडं आमच्या झोपायच्या खोलीत होतं आणि साहेब कोचावर. शेवटी पायऱ्यांवर गाद्या घालून, डोळे बांधून खाली आणलं. घर मी धुतलं. टाळ्या वाजवणारे तोवर आपापल्या घरी गेले होते.

कलम २. दागिने मुलीला. जाऊबाईंना माझी काळी छत्री द्यावी. नेलेल्या दोन त्यांच्याकडे आहेतच, संच पुरा होईल. साहेबांचा लाल कोट, तुऱ्याची टोपी, तलवार आणि अत्तराच्या बाटल्या स्मारकाच्या दालनाला, पण कलम तीनची अट पाळली तरच. शिंपी अजून सांगतो, 'माप देताना पोट आत ओढून उभे राहायचे आणि मग वर्षभर कोट घट्ट शिवला म्हणून मला शिव्या द्यायचे.' न्हावी म्हणतो, लढाईला लागला नसेल एवढा वेळ मिशांना लागायचा. खरं आहे. नखरेल होता, खर्चिक होता, आणि तो दारातून आत आला की मला अजूनही नव्या नवरीसारखं व्हायचं, हेही खरं आहे.

कलम ३. हे नीट वाचावं. साहेब अंथरुणाला खिळले होते तेव्हा त्यांनी पलटणीच्या बिगुलवाल्याला बोलावलं. मी पाय चेपत होते. साहेब म्हणाले, "मला नेताना ते रडकं वाजवलंस तर उठून बसेन हां. हल्ल्याचा बिगूल वाजव. हुकूम आहे." बिगुलवाल्याच्या डोळ्यांत पाणी होतं, तरी टाचा जुळवून "जी साहेब" म्हणाला.

अंत्ययात्रेत पुढे साहेबांचा घोडा होता, रिकामं खोगीर आणि रिकिबीत उलटे बूट, रिवाजाप्रमाणे. मागे तोफगाड्यावर साहेब, त्यामागे सगळं घोडदळ. बिगुलवाल्याने हल्ला वाजवला. आता घोड्यांना काय ठाऊक, स्वार जिवंत की मेलेला? त्यांना बिगूल ठाऊक! साहेबांचा घोडा सुटला, तोफगाड्याचे सुटले, मागचे सगळे सुटले. जन्मभर घोड्यांत राहिलेल्या माणसाच्या एवढं डोक्यात आलं नाही. साहेब भर रस्त्याने दौडत गेले. मंत्री गटारात पडले, त्यांचा हात मोडला, आणि मग चौकशी बसली.

बिगुलवाला खरं तेच बोलला. चौकशीवाले म्हणाले, "मेलेला माणूस हुकूम देतो का?" मीही जाऊन सांगितलं. "वहिनी, तुम्ही दुःखात आहात," म्हणून मला चहा पाजून घरी पाठवलं. दारुडा ठरवून बिगुलवाल्याला बडतर्फ केलं. तो कधी थेंबाला शिवला नाही. पुढे म्हातारा होईतो गिरणीच्या फाटकावर राखण करत बसला.

थोरला स्मारक समितीचा अध्यक्ष आहे. म्हणतो, "आई, आता कशाला उकरून काढतेस? बाबांचं हसं होईल." अरे, तुझ्या बाबांना हसं चालत होतं! दुसऱ्याच्या पोटावर पाय दिलेला चालला नसता. म्हणून अट अशी: पुतळ्याखालच्या पाटीवर 'अंत्ययात्रेत बिगूल साहेबांच्या हुकुमानेच वाजला' असं कोरावं, आणि तेही ते बिगुलवाले अजून हयात आहेत तोवर. तसं न केल्यास कोटाची पायपुसणी करावीत. मी थट्टा करत नाही.

~~कलम ४. तबेल्याशेजारची खोली बिगुलवाल्यांना हयातभर.~~ खोडलं. कारण पुढे.

दुसरे साक्षीदार म्हणून शेजारचे मास्तर यायचे होते. थोरल्याने त्यांना चौकात खुर्च्या मांडायला नेलं. कलम चार वाचून दाखवायला मी बिगुलवाल्यांना बोलावलं होतंच. म्हटलं, तुम्हीच करा सही. भाची म्हणाली, "मामी, ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याने साक्ष केली तर त्याचं मिळायचं ते जातं. थांबा, दुसरं कोणी बघू." मी चपला शोधायला उठले.

"बाई, खोली खोडा," बिगुलवाले म्हणाले.

"डोकं फिरलंय का? तुमचं छप्पर गळतंय. या वयात कुठे जाणार?"

"गळू दे. त्या दिवशी माझा शब्द कुणी लिहूनसुद्धा घेतला नाही बाई. आज सही घ्या."

मी खूप भांडले. मग खोडलं. रडले, तेही लिहून ठेवते.

ठिकाण: माझं जेवणाचं टेबल. तारीख: अनावरणाचा आदला दिवस.

सही: जनरलीणबाई

साक्षीदार १: डॉक्टर

साक्षीदार २ (स्वतःच्या अक्षरात): जनरलसाहेबांचा बिगुलवाला. हुकूम ऐकला. पाळला.