वर्षभर हजर

४ जानेवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळे बरे आहोत. आई तुमच्या खोकल्याची चौकशी करते आणि औषध वेळेवर न घेतल्याबद्दल आधीच रागावून ठेवते आहे.

आता मुद्द्याचं. शिक्षण-कर्ज देणाऱ्या संस्थेचा माणूस काल थेट आमच्या शिवणकारखान्यात आला आणि चाळीस बायकांदेखत थकबाकीदार म्हणून माझं नाव पुकारून गेला. मी कॉलेजची पायरीही चढले नाही, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे? पाच वर्षांपूर्वी कॉलेज उघडायच्या आठ दिवस आधी जिन्यावरून पडले, मांडीचं हाड मोडलं आणि सात महिने छताकडे बघत काढले. संस्थेने फी परस्पर कॉलेजात भरली होती. प्रवेश रद्द केला की ती परत जाणार होती. म्हणून तर रद्दचा अर्ज पडल्या पडल्या लिहून तुमच्या हातात दिला. हे त्याला सांगितलं, तर त्याने हजेरीपटाची नक्कल पुढे केली. त्यात मी वर्षभर हजर. मैदानावरच्या कवायतीलासुद्धा! पायाला वजनं टांगलेली असताना मी कवायत करत होते म्हणे.

तुम्ही कॉलेजच्याच ऑफिसात आहात. ही हजेरी कोणी मांडली, तेवढं शोधून द्या. फी परत आलीच नाही म्हणत संस्थेने लावलेल्या या हप्त्यांपायी बाबांनी सुतारकामाची यंत्रं विकली, आज ते दुसऱ्याच्या दुकानात रंधा मारतात. त्या माणसाची नोकरी गेलेली मला या डोळ्यांनी बघायची आहे.

मामींना नमस्कार. माझ्यावरची माया आहे तशीच राहू द्या.

तुमची भिंगरी

१५ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. खोकला बरा आहे, ताईला सांग. तुझा राग मात्र अजून नाकाच्या शेंड्यावरच. पाच वर्षांची असताना खाऊ आणायला विसरलो, म्हणून माझी चप्पल पाण्याच्या टाकीत टाकली होतीस.

बाळ, जुने हजेरीपट तळघरात पडलेत, निम्मे उंदरांनी खाल्ले. कोणी काय लिहिलं हे आता कसं कळणार? उगाच कागदांशी डोकं आपटू नकोस. अर्धे हप्ते यापुढे मी भरतो, फक्त ताईला बोलू नकोस. चार महिन्यांनी निवृत्त झालो की निवांत बघू.

पायाला जप. मामावर विश्वास असू दे.

तुझा मामा

२ फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही हप्ते का भरायचे? मला तुमचा खिसा रिकामा करायचा नाही, त्या माणसाचा करायचा आहे.

तुम्ही रजेवर होतात त्या दिवशी मी कॉलेजात जाऊन आले. शिपाई म्हणाला, त्या वर्षी फीच्या खिडकीवरची बाई हजेरी उतरवायची. मी तिथेच प्राचार्यांकडे तिच्या नावाने लेखी तक्रार दिली. परवा कळलं, चौकशी होईपर्यंत तिला घरी बसवलंय. ती कारखान्याच्या फाटकाशी येऊन रडली, आपण काही केलं नाही, घरात मिळवणारं दुसरं कोणी नाही, असं सांगत होती. मी ऐकून घेतलं. खरं सांगते मामा, मला गार वाटलं.

तुम्ही मात्र काळजी करू नका. आशीर्वाद असावा.

तुमची भिंगरी

९ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

त्या बाईने काही केलेलं नाही. ती हजेरी मी मांडली.

तुझा अर्ज मी पुढे दिलाच नाही. डॉक्टर म्हणाले होते, दोन महिन्यांत उठेल. मला वाटलं, एवढ्यासाठी पोरीची जागा कशाला घालवायची, तोवर हजेरी सांभाळून घेऊ. कवायतीतही मांडली, कारण एका ठिकाणी गैरहजर दिसली असतीस तर मेळ बसला नसता. मग तू उठली नाहीस, आणि मला मागे फिरता येईना. तुझ्या बाबांची यंत्रं टेम्पोत चढवताना मी हात लावला होता. तेव्हाही तोंड उघडलं नाही. स्वतःची लाज वाटते.

तक्रार मागे घे. निवृत्तीच्या पैशांतून सगळं कर्ज मी फेडतो. फक्त तीन महिने थांब, नाहीतर ते पैसेही हाती येणार नाहीत. हे पत्र वाचून फाडून टाक. ताईला कळलं तर ती मला दारात उभं करणार नाही.

मामा

२० फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि. (मायना सवयीने लिहिला गेला. खोडत नाही.)

त्या बाईची माफी मागायला तिच्या घरी गेले होते. तिने दार उघडलं नाही, आणि तिचं बरोबरच आहे. तिच्यावरची तक्रार मागे घेतली.

तुमचे पैसे मला नकोत. तुम्ही कर्ज फेडलंत, तर मी ते घेतलं आणि वर्षभर शिकले, हेच कायमचं खरं ठरेल. मला ते कर्ज माझं नव्हतं असं लिहून हवं आहे. तुम्ही मायेपोटी केलंत, हेही मला पटतं. पण नंतरची चार वर्षं तुम्ही आमच्या घरी येऊन जेवलात, बाबांना धीर दिलात आणि गप्प राहिलात. ती माया नव्हती. परक्या माणसावर सूड उगवणं किती सोपं गेलं असतं! आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही, आणि तरीही माझा राग तसूभर कमी झालेला नाही.

तुमचं पत्र मी फाडलं नाही. आईच्या हातात दिलं. तिने ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि मला एवढंच विचारलं, की याची नक्कल काढून ठेवलीस ना. मूळ पत्र आज सकाळी प्राचार्यांना दिलं.

रागवायचं तर खुशाल रागवा, पण ओळख ठेवा.

तुमची भिंगरी