समेटाचं कार्ड

१४ मार्च, गुरुवार, दुपार

प्रिय पाळकसाहेब,

सलाम. लहानपणीसारखं 'बबड्या' लिहिणार होते, पण तुझ्या छापील कार्डाशेजारी बबड्या काही शोभेना. तुझं घर दोन गल्ल्या पलीकडे, तरी पत्र लिहितेय, कारण तूही कार्ड चर्चच्या शिपायाच्या हातीच धाडलंस.

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, शिलाईचं मशीन त्याहून जास्त. प्रभुभोजनाच्या मेजाचं पांढरं कापड शिवून, इस्त्री करून तयार आहे. चारही कडा हातानं शिवल्यात, तेव्हा मंडळीतल्या बायकांना नावं ठेवायला दुसरं काहीतरी शोधावं लागेल. आतल्या खोलीत हल्ली कापडाचे गठ्ठे ठेवते. रिकामीच असते ना. असो.

प्रभुभोजनाआधी, ज्याचं मन आपण दुखावलं त्याच्याकडे जायचं, क्षमा मागायची, कार्डावर त्याची सही घ्यायची. सही नाही त्यानं रविवारी भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा नाही. वा रे वा, काय झकास नियम काढलास! बेकरीवाली दुकानात आली, डोळ्याला पदर लावून म्हणाली, "ताई, मी तुमच्या शिलाईला गोणपाट म्हणाले होते, माफ करा." मला पत्ताच नव्हता रे! दहा वर्षं आमचं गुळपीठ होतं. सही दिली आणि बोलणं बंद झालं. पोस्टमास्तर आणि त्याचा साडू आधी क्षमा कोणी मागायची यावरून भर रस्त्यात एकमेकांच्या कॉलरला लोंबकळत होते. तुझ्या चर्चच्या पंचांतले एक गृहस्थ सात सह्यांचं कार्ड खिशातून अर्धं बाहेर काढून हिंडतात. पाप केल्याचा एवढा अभिमान मी आजवर कोणात पाहिला नव्हता.

आणि मग तुझं कार्ड. तुझ्या वळणदार अक्षरात लिहिलंयस, 'जे काही झालं असेल त्याबद्दल क्षमा असावी.' जे काही! अरे, गिऱ्हाइकाचा सदरा इस्त्रीनं जळला तर मी म्हणते, सदरा जळला, माझ्या हातून जळला. 'जे काही झालं असेल' म्हणाले असते तर दुकानाला कधीच टाळं लागलं असतं. वर पेन्सिलनं फुली मारून दिलीस, म्हातारीला सही कुठे करायची ते कळावं म्हणून. केवढी ती काळजी!

शिपाई बिचारा दारातच उभा होता. म्हणाला, "ताई, लवकर द्या. रविवारी मोठे धर्माध्यक्ष येणारेत, पाळकसाहेबांचंच कार्ड कोरं आहे, आणि नियम त्यांचाच." म्हणजे भाकर मोडायची तुलाच चोरी! खोटं कशाला सांगू, पोट धरून हसले. शिपायाला चहासुद्धा पाजला.

तो गेल्यावर हसू ओसरलं. चार वर्षांत तू माझ्या लेकीचा विषय काढला नाहीस, मीही नाही. आता काढते.

तू मंडळी शुद्ध करायला निघाला होतास. माझी लेक, तुझी सख्खी भाची, लग्नावाचून पाच महिन्यांची गरोदर होती. तिनं ते तुला स्वतः सांगितलं होतं, मामा म्हणून. तू ते उपदेशपीठावरून दोनशे माणसांना सांगितलंस, पाळक म्हणून. तिचं पूर्ण नाव घेतलंस. त्या माणसाचं नाव तुला माहीत होतं, ते मात्र घेतलं नाहीस, कारण तो पंचाचा मुलगा. तुझी धार्मिकता तेवढी हिशेबी आहे खरी.

पण तुला शिव्या घालून माझं भागत नाही. बबड्या, ती माझ्या शेजारी बसली होती. तिचा झगा मीच कमरेत सैल करून दिला होता. तू नाव घेतलंस, सगळ्या माना वळल्या, आणि मी बाकावर सरकले. तिच्यापासून लांब. वीतभर. कोणी सांगितलं नव्हतं, आपोआपच सरकले. तिनं आधी त्या वीतभर जागेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नंतरचं गाणं मी सगळ्यांबरोबर शेवटपर्यंत म्हटलं. आठवड्यात ती निघून गेली.

मागच्या शुक्रवारी बस बदलत बदलत तिच्याकडे गेले. वसतिगृहात स्वयंपाक करते. तिच्या मुलीला चौथं वर्ष चालू आहे, कपाळ थेट तुझ्यासारखं, काय करणार! मी माझं कार्ड पुढे केलं. तिनं उलटसुलट करून बघितलं. "मामानं छापलंय?" म्हणाली आणि हसली. मी म्हटलं, "मी त्या दिवशी सरकले. त्याची क्षमा मागायला आलेय." ती बराच वेळ भांडी पुसत राहिली. मग म्हणाली, "आई, जेव. राहायचं तर राहा. पण सही मागू नकोस. अजून नाही जमत मला."

मी जेवले. नातीनं पाणी आणून दिलं. कार्ड कोरंच परत आणलं.

तेव्हा रविवारी मी भाकर घेणार नाही. तुझं कार्डही सहीवाचून परत पाठवतेय. फुली खोडलीय आणि तिथे तिचा पत्ता लिहिलाय. सही तिची लागते, माझी नव्हे. सकाळी सातची बस आहे. शनिवारी गेलास तर संध्याकाळपर्यंत परत येशील. 'जे काही' मात्र तिच्यासमोर म्हणू नकोस, काय केलंस ते नीट सांग. ती सही देईल असं मला वाटत नाही. तरी जा.

नाही गेलास तर धर्माध्यक्षांसमोर खुशाल भाकर मोड. कापड तयार आहे, शिपायाला पाठव. मी माझ्या जुन्याच बाकावर बसेन, शेजारी वीतभर जागा सोडून. तिथून मला तुझे हात स्पष्ट दिसतात.

तुझ्याइतकीच दोषी,
तुझी ताई