क्लच दाबायला कुणीतरी हवं

प्रिय इरम,

परवा फोनवर तू म्हणालीस, अम्मी, ती गाडी विकून टाक एकदाची. मी नुसतं हं म्हटलं आणि विषय बदलला. फोनवर मला भांडता येत नाही, म्हणून लिहितेय.

गाडीला फारसं काही झालंच नव्हतं गं. रिव्हर्स टाकताना खरखरायची, एवढंच. शाहूपुरीतला मेकॅनिक खाली न वाकताच म्हणाला, "गिअरबॉक्स गेलाय बगा." माझा पाराच चढला. तुझ्या अब्बांनी तो पोटच्या पोरासारखा जपलेला. गगनबावड्याचा घाट उतरताना ब्रेक दाबत बसायचे नाहीत, दुसऱ्या गिअरवर उतरायचे, आणि तू मागच्या सीटवर उलट्या करायचीस.

मग मीच अब्बांची जुनी पँट घालून गाडीखाली शिरले. कसबा बावड्यातल्या बायकांना चार दिवस पुरेल एवढा विषय झाला. गिअर ऑइल घमेल्यात काढलं. ते ऑइल काढायच्या नटाला चुंबक असतं. त्याला सुरम्यासारखी बारीक भुकटी लागली तर काळजी नाही, गिअरच्या दातांचे तुकडे निघाले तर रडायचं, असं अब्बा सांगायचे. सुरमाच निघाला. तरी मी रडले.

दोष क्लचचा होता. त्याचा खालचा सिलिंडर गळत होता, म्हणून क्लच पुरता सुटत नव्हता. सिलिंडर मी नवा बसवला. पण आता पाइपात हवा शिरलीय, आणि ती काढायला दोन माणसं लागतात. एकाने वर बसून क्लच दाबून धरायचा, दुसऱ्याने खालून स्क्रू सैल करून हवा सोडायची. स्क्रू पुन्हा आवळेपर्यंत वरच्याने पाय उचलायचा नाही. इतकी वर्षं वर मीच असायचे. खालून अब्बा ओरडायचे, "दाब! धर! मी सांगस्तोवर सोडू नगंस की!" सगळी गल्ली ऐकायची. भाजी करपतेय म्हणून मी करवादायचे.

काल खाली पडल्यापडल्या मी सवयीने "दाब" म्हटलं आणि वाट बघत राहिले. वर कुणी नव्हतं. पेडलला काठी लावून पाहिली, ती निसटली. घर फार मोठं झालंय गं. कालवण अजून दोघांपुरतं होतं, उरलेलं मी दुसऱ्या दिवशी खाते. अब्बांच्या चाळिसाव्यानंतर तू आलीच नाहीस. नोकरी आहे, पुणं लांब नाही पण सुट्टी मिळत नाही, सगळं कळतं मला.

आता खरं सांगते. क्लच दाबायला पाय कुणाचाही चालतो. शेजारचा जोतीराम दोनदा विचारून गेला, "भाभी, मी बसू काय गाडीत?" मीच नको म्हटलं. त्याने दाबला असता तर काम संपलं असतं, आणि तुला बोलवायला माझ्याकडे दुसरं काहीच निमित्त उरलं नसतं. रविवारी ये, बेटा. वर बस, मी खालून ओरडते. मग विकायची तर विकू गाडी.

तुझीच, तेलकट हातांची,
अम्मी